दगडाबाईंची डाळ आणि सिकंदरचे मीटर

बारामतीच्या सिकंदर मुलाणींचा पाण्याच्या बाबतीत कोणाच्याही जिभेवर विश्वास नव्हता. शेळगावपलीकडच्या एका वस्तीवरचे आरओ यंत्र सहा वर्षे त्यांच्याच देखरेखीखाली होते. दर मंगळवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ते येत, रुमालावर नट आवळायचे पाने लहानमोठे लावून मांडत आणि यंत्राच्या तोंडाशी पेला धरून पाण्यातले क्षार मीटरने मोजत. यंत्राच्या नळकांड्यात गुंडाळलेला प्लॅस्टिकचा तलम पडदा, म्हणजे मेंब्रेन, हे त्यांचे खरे दैवत.

"पानी आत जातंय, खार भाईर ऱ्हातोय," ते सांगत. "जावयाला घरात घ्यायचं, त्याच्या दोस्तांना दारातनंच वाटंला लावायचं. तसं."

वस्तीला मात्र दुसरा परीक्षक होता. दगडाबाई चाळीस वर्षे पाण्याची पारख तुरीच्या डाळीवर करीत. सात भाकरी होईपर्यंत डाळ शिजली तर पाणी चांगले. या कसोटीत दोन विहिरी आणि एक बोअर नापास झाले होते.

पंधरा दिवसांपूर्वी सिकंदरनी नवे मेंब्रेन बसवले आणि आठवड्यातच डाळ शिजेना.

"सिकंदर, तुझ्या पडद्यात दम न्हाय. डाळ दातात वाजतीया."

"मावशी, बोअरच्या पान्यात खार बाराशे हाय, यंत्रातनं आल्यावर मीटर साठच दाखवतंय."

"मीटरला दात हायती का?"

पाणी समितीने ठरवले, की येत्या मंगळवारी डाळ शिजली नाही तर काम इंदापूरच्या माणसाला द्यायचे. सिकंदरना कामापेक्षा डाळीकडून झालेला अपमान अधिक लागला.

मंगळवारी यंत्रापाशी मीटरने पुन्हा साठच दाखवले. समिती दगडाबाईंच्या ओसरीवर जमली होती. सिकंदर सहा वर्षांत प्रथमच त्यांच्या चुलीपाशी बसले आणि त्यांच्या हंड्यात मीटर बुडवले. सहाशे चाळीस.

"मावशी, हंडा कुठं भरला?"

"नळावर. यंत्राच्या पोटातनं भरतात व्हय?"

सिकंदर ताडकन उठून यंत्राकडे गेले. आजवर मोजले ते यंत्राच्या तोंडाशी. लोक भरत होते ते भिंतीपलीकडच्या नळावर. मधल्या पाइपला बोअरचे पाणी मिसळण्याचा एक व्हॉल्व्ह होता. तो कायम बंद असायचा; आज अर्धा उघडा होता आणि मुठीवर चुन्याचे ताजे बोट उमटले होते. समितीचे अध्यक्ष हिंदुराव तंबाखू मळत मागोमाग आले होते.

"आबा, ह्यो कुणी फिरवला?"

हिंदुरावांनी तळहाताकडे पाहिले. "नव्या पडद्याचं पानी लई पचपचीत लागत हुतं. वाईच चव आणली."

"एकदाच?"

"रोज वाईच."

सिकंदरनी व्हॉल्व्ह बंद केला, मूठ काढून खिशात टाकली आणि ओसरीवर येऊन सांगितले, "व्हॉल्व्ह उघडा ऱ्हायला हुता. मी नळावर मोजाया पायजे हुतं. चूक माझी."

नळ बराच वेळ वाहू दिल्यावर दगडाबाईंनी हंडा नव्याने भरला. सहावी भाकरी तव्यावर असतानाच डाळ पळीखाली लोण्यासारखी दबली.

"सिकंदरच ऱ्हाऊ द्या," हिंदुराव सर्वांच्या आधी बोलले.

सिकंदरनी खिशातली मूठ दगडाबाईंच्या हातावर ठेवली. तिच्यावरचे चुन्याचे बोट बाईंनी नीट न्याहाळले, पदराने पुसले आणि मूठ डाळीच्या डब्यात टाकली.

"हिंदुराव," झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "घरात मीठ संपलं असंल तर माझ्याकडनं न्या."