मोबाइलमधली माहेरवाशीण

गौरीच्या जेवणाचं पहिलं पान माहेरवाशिणीचं, ही आमच्या घरची रीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीला आधी बसवायचं, तिची ओटी भरायची, तिनं पहिला घास घेतला की मग बाकीच्यांनी हात धुवायचे. आता आमच्या काळाचौकीच्या दोन खोल्यांत लेक आणायची कुठून? आम्हाला एकच मुलगा, तो नोकरीपायी बंगळूरला. सासऱ्यांना एकच मुलगी, माझी थोरली नणंद, आणि तिचं लग्नच झालं नाही. म्हणून कित्येक वर्षं शेजारच्या खोलीतली लेक सासरहून आली की आमच्याही पानावर बसायची. कुणाचं काही अडत नव्हतं.

मागच्या वर्षी वन्संनी तिला परस्पर सांगून टाकलं, "औंदा तू येऊ नको हां. आमची येतली."

आमची म्हणजे कोण, तर मोबाइलमधली एक पोर. स्वयंपाक करते, साड्या नेसून दाखवते, मधूनच केसांचं तेल विकते. लाखो माणसं बघतात म्हणे तिला. कॅमेऱ्यात अगदी तोंड घालून तिची सुरुवात ठरलेली: "काय मग, जेवलात की नाही?" आणि आमच्या वन्सं ओट्यापाशी उभ्या राहून तिला मोठ्यानं उत्तर द्यायच्या, "जेवलंय गो बाय, तू जेवलंस काय?"

वन्संनी परळच्या एका शिवणकामाच्या कारखान्यात जन्म काढला. तो बंद पडला, पाठोपाठ गुडघे गेले, आणि बाई घरी बसली. आम्ही दोघं सकाळी कामावर गेलो की दिवसभर ती आणि भिंती. मुलानं त्याचा जुना मोबाइल आत्याला दिला आणि ही पोर घरात शिरली.

मला आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. दादरच्या हापिसातून सुजलेल्या पायांनी घरी यावं, तर वन्संची पहिली बातमी काय, तर त्या पोरीला सर्दी झालीय. मी म्हटलं, "अहो वन्सं, मलाही झालीय की, केव्हाची."

"अगो, मगे काढो घे," म्हणाल्या आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागल्या. घ्या!

हे त्यांना चिडवायचे, "ताई, ती तुला ओळखते तरी का गं?" आणि स्वतः काय करायचे? रोज सकाळी दाढी करताना कुणा दंडातल्या बेटकुळ्या दाखवणाऱ्या पोराचं यशस्वी कसं व्हावं यावरचं ओरडणं ऐकायचे. निवृत्तीला आलेला माणूस! आता कुठे जाऊन यशस्वी होणार होते, देव जाणे. मीही काही शहाणी नाही. लालबागला माहेरी असताना कपाटाच्या दाराला आतून एका हिरोचा फोटो चिकटवलेला होता. एकदा मैत्रिणींबरोबर शूटिंग बघायला गेले, त्यानं गाडीतून हात हलवला, आणि तो कुणाला हलवला यावरून आमच्यात किती दिवस अबोला होता. पण त्या हिरोनं जेवलीस का असं कधी विचारलं नव्हतं. हे नवीनच.

तर झालं असं. ती पोर लाइव्ह आली होती. वन्संनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, "गौरीला जेवायला ये." तिनं ते धावत्या नजरेनं वाचलं, "अगं बाई, हो हो, नक्की येते मावशी!" म्हणाली आणि पुढे गेली. एवढंच. पण आमच्याकडे गौरीच्या आमंत्रणाला कुणी उगाच "येते" म्हणत नाही. जमणार नसेल तर "बघते" म्हणायचं. "येते" म्हटलं की शब्द दिला, पान मांडलं जाणार.

मी समजावलं, "वन्सं, ती सगळ्यांनाच तसं म्हणते हो."

"गौरीच्या नावान कोण खोटा बोलात?" त्यांनी मलाच विचारलं.

त्यांनी तिला पत्ताही पाठवला. मागचा जिना चढ, पुढचा मोडलाय, हेसुद्धा लिहिलं. तिकडून एक लाल बदाम आला. तेवढ्यावर चाळभर बातमी झाली. शेजारीण माझ्याशी बोलेनाशी झाली, कारण तिच्या लेकीचं पान आम्ही त्या मोबाइलवालीला दिलं होतं. मला वन्संच्या हट्टापेक्षा भीती होती ती त्यानंतरच्या दिवसांची. ती पोर आली नाही, तर ह्या बाईनं नळावर कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

गौरीच्या दिवशी मी रजा टाकली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळूवड्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पहाटेपासून उभी होते, कंबरेचा काटा ढिला झाला. वन्संनी नवा खण आणून ठेवलेला, नारळ घासून-पुसून चकचकीत केलेला. आरती झाली, नैवेद्य झाला, पान मांडलं. दारावरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून जात होता. एक वाजला, दोन वाजले.

"जेवून घ्या आता, भूक मेली माझी," हे म्हणाले.

"थांब रे. लालबागात आज पाय ठेवूक जागा नाय, अडाकली असतली."

मला ओरडावंसं वाटत होतं. पण वन्सं पानाशेजारी बसून पदरानं माश्या वारत होत्या. ओरडणार कशी?

तेवढ्यात मोबाइल वाजला. पोर लाइव्ह होती. "वाटेत असतली!" म्हणत वन्संनी चष्मा चढवला. पोर होती दादरला, एका साडीच्या दुकानात. दुकानाचीच गौर, दुकानाचीच साडी, पुढ्यात चांदीचं ताट. म्हणत होती, "मावश्यांनो, तायांनो, तुमच्यामुळे आज मला माहेर मिळालं."

दादरला! इथून हाकेच्या अंतरावर. माझं टाळकंच फिरलं. मी मोबाइल ओढून घेतला, तिला चार शब्द सुनवणारच होते, तर वन्संनी तो माझ्या हातातून शांतपणे काढून घेतला आणि लिहायला लागल्या. मी खांद्यावरून वाचलं. "सावकाश जेव बाय. दमलेली दिसतेस." ती ओळ वर सरकली आणि बदामांत दिसेनाशी झाली.

"पान काढ गो," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

मांडलेलं पान न जेवता उचलायचं? सणाच्या दिवशी? "मुळीच नाही काढणार," मी म्हटलं. "तुम्ही बसा त्याच्यावर."

"मी? माझा लगीन खय झाला?"

"ह्या घरची लेक तुम्ही, की ती? बसा म्हणते ना!" मी जवळजवळ खेकसलेच. हे मान खाली घालून उभे होते. मग त्यांनी स्वतः पाट सरकवला आणि म्हणाले, "ताई, बस."

वन्सं बसल्या. मी त्यांची ओटी भरली. दारात शेजारीण उभी होती, बघू दे म्हटलं, काय नावं ठेवायची ती ठेवू दे. वन्संनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला.

"वडे चिवट झाले गो," म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

मग हे जेवले, शेजारीण आणि तिची लेकही रुसवा सोडून पातोळ्या खाऊन गेल्या. मी वाढत होते. सगळे आडवे झाले तेव्हा मी मोरीत भांड्यांचा ढीग घेऊन बसले. वन्संचा मोबाइल ओट्यावर तसाच राहिला होता. त्याच्यावर तिचा कुठलातरी जुना व्हिडिओ आपोआप सुरू झाला. बंद करायलाही उठवेना.

"काय मग," ती पोर म्हणाली, "जेवलात की नाही?"

"नाही गं बाई," मी म्हटलं. "अजून नाही."