पळाले

इथे आखातात, रिफा शहरात, कोपऱ्यावरून दूध आणायलाही लोक गाडी काढतात. आमची उल्का चालत जाते, तीही इतकी झपाझप की तिच्याबरोबर निघालं की मला धाप लागते. लग्नाला वीस वर्षं झाली, पण ही चाल तिला कुठून आली हे मी कधी विचारलं नाही. कराडची बाई आहे, तिकडे असंच चालत असतील, म्हणून सोडून दिलं.

त्या शुक्रवारी घरात सकाळपासून तणतण चालू होती. आमच्या कस्तुरीला बारावीनंतर पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं, हॉस्टेलला राहायचं होतं. फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि उल्काचं एकच पालुपद, “नाही म्हणजे नाही.” कारण विचारलं की बाईसाहेब स्वयंपाकघरात.

त्यात कस्तुरीला कपाटावर आईची कॉलेजातली बॅग सापडली. पोरीला मराठी अक्षर लावून लावून वाचता येतं, अर्थ ती फोनला विचारते. बॅगेतली एक डायरी घेऊन ती हॉलमध्ये आली आणि मोठ्याने वाचू लागली.

“आज पहाटे कैलासबरोबर पळाले. घरी सांगायचं नाही.” मग आईकडे वळून म्हणाली, “यू रॅन अवे विथ अ गाय! आणि मला हॉस्टेलला नो?”

मी डोंबिवलीचा. आमच्याकडे माणूस धावतो. पळतो तो एक तर चोर, नाहीतर प्रेमात पडलेला. माझं डोकंच फिरलं.

“लग्नाआधी हे सांगायला काय झालं होतं तुला?” माझा आवाज चढलाच. खरं सांगतो, त्या क्षणी समोरची बाई मला परकी वाटली.

उल्का आत गेली, बॅगच उचलून घेऊन आली आणि टीपॉयवर खिळ्यांचे बूट आपटले.

“आमच्याकडे याला पळणं म्हणतात. पंधराशे मीटर पळायचे मी. कैलास आमच्या टीममधला, माझा वेग वाढावा म्हणून सोबत पळायचा. आबांना ते चाललं नसतं, म्हणून घरी सांगत नव्हते.”

आबा म्हणजे तिचे वडील.

“कुणीतरी आबांच्या कानावर घातलं, तुमची उल्का कैलासबरोबर पळाली. आबा दुसऱ्याच दिवशी हॉस्टेलवर आले आणि माझं सामान बांधलं. मला एका शब्दाने विचारलं नाही. विद्यापीठाच्या स्पर्धा आठवड्यावर आल्या होत्या. पुढे बी.ए. मी घरी बसून केलं.”

कस्तुरीचा चेहरा पडला. “सॉरी, आई. पण मग तू मला का अडवतेस?”

“तुझी काळजी नाही गं, यांची आहे.” तिने माझ्याकडे बोट केलं. “एक वाक्य ऐकलं आणि माझ्याकडे कसं बघितलं, पाहिलंस ना? उद्या पुण्याहून कुणी तुझ्याबद्दल काही कळवलं, तर हे मिळेल ते विमान पकडून तुला परत आणतील.”

“काहीतरीच काय! मी आधी तिला विचारीन,” मी म्हणालो.

“मग आत्ता आईला का नाही विचारलंस?” कस्तुरी म्हणाली.

लाज वाटली मला. राग तर त्याहून जास्त आला. उल्काने लॅपटॉप पुढ्यात ओढला. पालकाच्या रकान्यात कस्तुरीने माझं नाव आणि नंबर आधीच भरून ठेवला होता. उल्काने तो पुसला आणि स्वतःचा घातला.

“हॉस्टेलवाल्यांचा फोन मला येऊ दे,” ती म्हणाली आणि फॉर्म पाठवून दिला.