वाकडा पाइप

नळवाल्याची एकच मिजास होती, सरळ पाइप. दुसऱ्याने बसवलेला पाइप बोटभर जरी कलला, तरी तो दाढदुखी झाल्यासारखा कळवळायचा.

असा माणूस रोज सकाळी घरामागच्या बोळात, चप्पल काढून, पालथ्या बादलीवर अर्धा तास बसायचा. समोर सांडपाण्याचा जुना लोखंडी पाइप आणि त्याच्या सांध्यातून उगवलेलं वीतभर झाड. मागे तो एका ध्यानाच्या वर्गाला गेला होता. डोळे मिटल्यावर असा घोरला, की बाकीच्यांचीही समाधी मोडली. गुरुजींनी हात टेकले आणि सांगितलं, तुम्ही आपले डोळे उघडे ठेवून रोज एखादी जिवंत गोष्ट बघत जा. त्याला हे झाड सापडलं. पहिला आठवडा जांभया देण्यात गेला. मग एका सकाळी एक पान उलगडताना दिसलं आणि त्याचे हात आपोआप जुळले. जन्मभर लोकांच्या पाइपांतली मुळं उपटणारा माणूस, पण त्या दिवसापासून बोळ हाच त्याचा गाभारा झाला.

बायकोचं म्हणणं एवढंच होतं, की गाभाऱ्यातून आल्यावर पाय धुवा.

पण मुळांनी सांधा फोडला. स्वयंपाकघराची भिंत ओली झाली, पिठाच्या डब्याला बुरशी धरली. तिने निर्वाणीचं सांगितलं, रविवारी माझा भाऊ गिलाव्याला येतोय, त्याआधी ते झाड गेलं पाहिजे. गवंडी मेहुण्याने छिन्नीला धार लावल्याचंही कळवलं.

शनिवारी नळवाला करवत घेऊन बसला, तो उठेचना. दुपारी करवतीचा आवाज आला. एवढी मागे लागलेली बायको हातातलं काम टाकून उठली. ती धावत बोळात गेली.

झाड जागेवर होतं. कापला होता तो पाइप. झाड उगवलेला जुन्या पाइपचा हातभर तुकडा भिंतीला तसाच ठेवून, संध्याकाळपर्यंत त्याने नवा पाइप चार एल्बो, म्हणजे काटकोनी सांधे, लावून बाजूने वळवून नेला.

दुसऱ्या दिवशी मेहुणा पोट धरून हसला. "भाऊजी, हा पाइप तुम्ही बसवलात? धंद्यातली माणसं काय म्हणतील?"

"म्हणू देत," नळवाला म्हणाला. "झाडाला सरकता येत नव्हतं. मला येत होतं."

मेहुण्याने गिलावा केला. संध्याकाळी बायको भांडं विसळलेलं पाणी झाडाला घालून आली. उगाच वाया जातं म्हणून, असं कुणी न विचारताच तिने सांगितलं.

नळवाल्याने फक्त तिच्या पायांकडे पाहिलं. चप्पल नव्हती.

"पाय धुऊन ये," तो म्हणाला.