इथं कोणी निजलेलं नाही

“फक्त तुमची सही राहिलीय,” हेतलबेन म्हणाल्या. त्या आमच्या सुपरवायझर. बोलतात गुजरातीत, मी इथं मराठीत लिहितेय एवढंच.

कागद कोमलचा होता. कोमल चार वर्षांची. सुरतेतल्या नवागाममधल्या आमच्या बालवाडीत येऊन तिला तीन महिने झाले होते आणि तेवढ्या काळात तिच्या तोंडून एक शब्द कोणी ऐकला नव्हता. बालवाडीत परीक्षा नसते, निरीक्षण पत्रक असतं. मूल रंग ओळखतं का, चपला जागेवर ठेवतं का, इतरांबरोबर खेळतं का, बोलतं का, यावर खुणा करायच्या. भाषेच्या रकान्यात तिन्ही महिने मीच ‘नाही’ लिहिलं होतं. त्यावरून हेतलबेननी तिला स्पेशल स्कूलला पाठवायचं ठरवलं. सही त्यासाठीच हवी होती. ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. आईबाप रोज तिथं नेणार नाहीत, म्हणजे पोर घरीच बसणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

“कान तपासले?” त्यांनी विचारलं.

“तपासले. चांगले आहेत.”

“मग अडचण काय आहे?”

“मला पंधरा दिवस द्या.”

“पंधरा दिवसांत काय करणार तुम्ही?”

ते मलाही माहीत नव्हतं. “बघते,” म्हटलं.

मी मूळची वाशीमकडची. लग्न होऊन सुरतेत आले. नवरा बमरोलीच्या मिलमध्ये होता, तो गेला त्याला सहा वर्षं झाली. मुलगा हैदराबादला. शनिवारी दुपारी बालवाडी सुटली की सोमवार सकाळपर्यंत माझं कोणाशी बोलणं होतंच असं नाही. त्यामुळे न बोलणारं मूल मला फार अवघड वाटत नव्हतं. कदाचित म्हणूनच तीन महिने मी नुसतं ‘नाही’ लिहीत राहिले.

आता मी तिच्याकडे बघायला लागले. रोज अर्धा तास फ्री प्ले असतो. मुलांनी हवं ते खेळायचं, टीचरने मध्ये पडायचं नाही. कोमल भातुकलीजवळ बसायची. स्टीलच्या वाट्या एकात एक रचायची, पण वाटीला वाटी लागल्याचा आवाज होत नसे. मोठ्या बाईलाही जमणार नाही इतकं ते सफाईदार काम होतं. आमच्या भिंतीपलीकडे लूमचं खातं आहे, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. दिवसभर खडखडाट. आमची मुलं बोलत नाहीत, ओरडतातच.

चौथ्या-पाचव्या दिवशी लाईट गेली. लूम थांबले. एकदम इतकं शांत झालं की मुलंही गप्प झाली. आणि मला कोपऱ्यातून कुजबुज ऐकू आली. कोमल कापडाच्या बाहुलीला थोपटत होती.

“चूप ऱ्हाय. बाप निजेल शे.”

घरची अहिराणी. गप्प राहा, बाबा झोपलाय. ती बोलत होती. बहुधा तीन महिने बोलतच होती, लूमच्या आवाजात आम्हाला ऐकू येत नव्हतं.

त्याच दुपारी मी तिच्या घरी गेले. एकच खोली. आई दारात बसून साड्यांचे धागे कापत होती. मी काही बोलायच्या आत तिने ओठांवर बोट ठेवलं. आत कोमलचे वडील झोपलेले. नाईट शिफ्टला लूमवर. आम्ही जिन्यात जाऊन बोललो, तेही हळू.

“घरमा बोलस ना ती,” आई म्हणाली. “हयू हयू बोलस.”

हळू आवाजात बोलते. जन्मल्यापासून त्या खोलीत कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले. जेवायला घेताना लक्षात आलं, मीही ताट अलगदच ठेवते. मुद्दाम आदळून बघितलं. कोणी काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोमलजवळ खाली बसले. मला अहिराणी धड येत नाही. जमेल तसं म्हटलं, “आठे कोनी निजेल नही शे.” इथं कोणी निजलेलं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. मग उठली आणि शोधायला लागली. कपाटामागे, टेबलाखाली, पाण्याच्या माठामागे. सगळी खोली बघून परत येऊन बसली. बोलली नाहीच.

हे रोज चाललं. ती शोधायची, मी थांबायचे. मुदतीला दोन दिवस उरले असताना एका मुलीने तिचा डबा ओढला. कोमल उभी राहिली.

“हाऊ डबा मना शे!”

हा डबा माझा आहे. लूम चालू असताना दारापर्यंत ऐकू गेलं. मी हेतलबेनना फोन केला. त्या म्हणाल्या, “भांडली? वाह.” आणि कागद मागे घेतला.

आठवड्याने तिचे वडील आले. डोळे लाल.

“बाई, काय शिकाडं तुम्ही? घरमा आरोळ्या मारस. दिवसले निजनू नही ते हात मशिनमा जाई मना.”

त्यांचं खोटं नव्हतं. झोप झाली नाही तर हात मशीनमध्ये जातो, असे हात मी बघितलेत. मी माफी मागितली. मग त्यांच्यासमोरच कोमलला सांगितलं, इथं मोठा आवाज, घरी बाबा उठेपर्यंत छोटा. चार वर्षांच्या मुलाला हा फरक शिकायला वेळ लागतो. कोमलला महिनाभर लागला. मधल्या काळात तिचे वडील माझ्याशी बोलत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. शेजारणीने सांगितलं, वडिलांना पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये दिवसपाळी मिळाली, सगळे तिकडेच राहायला गेले. दिवसपाळी ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे मुलं अशीच जातात, सांगायला कोणी येत नाही. मुलं सुटल्यावर मी तिचं पत्रक पुरं केलं. तिकडच्या बालवाडीने मागितलं तर द्यावं म्हणून वेगळं ठेवलं. अजून कोणी मागितलेलं नाही.

आता नवीन मूल आलं की पहिल्याच आठवड्यात त्याच्या घरी जाऊन येते. आपल्याला वाटतं मूल बालवाडीत शिकायला येतं. ते चार वर्षं शिकूनच आलेलं असतं. काय शिकून आलंय हे आधी विचारलं, तर तीन महिने वाचतात.