गप्प बसणारं साउंड कार्ड

तुम्हाला सगळं लिहून ठेवायची सवय, म्हणून तुम्ही सगळं विसरता. मागच्या वेळी मी या ग्रुपवर काय सांगितलं होतं, आठवतंय का कुणाला? नाही ना... असू दे. मला एक अक्षर लिहिता येत नाही, म्हणून माझं सगळं जागच्या जागी आहे.

मी बोलतेय, माझी सून सुजाता टाइप करतेय. आज गोष्ट तिचीच आहे, तेव्हा मधलं काही गाळू नकोस गं.

दोन हजार दोन-तीन साल असेल. आम्ही भाईंदर पूर्वेला वन रूम किचनमध्ये राहायचो... माझा मुलगा मिलिंद, सुजाता आणि मी. शिवाय नवा काँप्युटर. तो चौथा माणूस, आणि जागा सगळ्यात जास्त त्यालाच.

सुजाता बी.ए. झालेली, आवाज एकदम लख्ख. एका संस्थेला अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून कॅसेटवर भरून हवी होती. काँप्युटरवर वाचलं की चुकलेलं तेवढंच कापता येतं, मग त्याची कॅसेट करायची. तिने नमुना पाठवला... तो परत आला. वाचन छान आहे, पण मागे सतत घूं आवाज येतो, मुलांचं डोकं उठेल. अजून एकदा पाठवा, नाही जमलं तर काम दुसऱ्याला देऊ.

बाई दोन दिवस धड जेवली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या शिक्षणाला शोभेल असं काम दारात आलेलं, आणि ते काँप्युटरच्या पोटातल्या गुरगुरीमुळे परत जायला निघालेलं.

मिलिंदने चौकशी केली. आवाज भरून घेणारं साउंड कार्ड काँप्युटरच्या पेटीच्या आत बसवलेलं असतं, त्यामुळे तिथल्या पंख्याबिंख्याची सगळी कुरकुर त्यात शिरते. बाहेरून जोडायचं कार्ड घ्यायला हवं. शनिवारी तो ओळखीच्या दुकानदाराकडून दोन डबे घेऊन आला... एक ठेवायचा, एक सोमवारी परत करायचा. एक मोठा, काळा, पुढे चार बटणं आणि लाल दिवा. दुसरा साबणदाणीएवढा, राखाडी, तोंड पाडून बसलेला.

मिलिंदने दोन्हीवर गाणी लावली. मोठ्या डब्याने भिंती हलवल्या. शेजारच्या जसुबेन बघायला आल्या, त्याही मोठ्याच्याच बाजूने. खोक्यावर काय काय छापलंय ते मिलिंद असं वाचून दाखवत होता, जणू लग्नाच्या मुलाची माहिती. सुजाताही मान हलवायला लागली... ठरलंच म्हणा ना.

आता माझं सांगते. मी अकरा वर्षं इथल्याच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. भांडं बोटांवर तोलून धरायचं आणि लाकडी दांडीने हलका टोला द्यायचा. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मौसी, बजते टाइम सब अच्छा लगता है. रुकते टाइम सुनो." चिरलेलं भांडं थांबताना किरकिरतं. चांगलं भांडं निमूट थांबतं.

मी मिलिंदला म्हटलं, गाणी बंद कर. सुजाताला एक ओळ वाचू दे, मग दहा आकडे मोजेपर्यंत सगळ्यांनी तोंड मिटा... आणि ते गप्प बसणं रेकॉर्ड कर. दोन्ही डब्यांवर.

"आई, काहीच नसेल त्यात. ऐकणार काय?"

"तेच," मी म्हटलं.

हेडफोन लावून बसले. मोठ्या डब्यात सुजाताची ओळ संपली, आणि मागे भुंगा... बारीक, पण हटायला तयार नाही. छोट्यात ओळ संपली आणि काही नाही. इतकं काही नाही, की सुजाताने आवंढा गिळलेला मला ऐकू आला. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

मिलिंदला पटेना. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि कधी हे रेकॉर्डिंग, कधी ते, लावत राहिला. मी सांगत राहिले... मोठा, छोटा, छोटा. मग या शहाण्याने एकच तीनदा लावलं.

"आईला फसवायला बसलायस तर आधी ती खुर्ची सोड, हसू दाबलंस की करकरते," मी म्हटलं. "तिन्ही वेळा मोठाच आहे."

जसुबेन हसून हसून कॉटवर बसल्या. बा के कान तो मशीन है, म्हणाल्या, आणि पक्ष बदलला.

रविवारी दुपारी खिडक्या बंद, पंखा बंद. सुजाता घामाने निथळत वाचत होती आणि मी दाराशी पहारा देत होते, बेल वाजवायला येणाऱ्याला आधीच अडवायला. सोमवारी मोठा डबा दुकानात गेला, कॅसेट संस्थेकडे.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सुजाताने दारातच फोडलं, आणि तिथेच उभी राहिली. आवाजाचं काम मागणारी बाई, आवाजच फुटेना. शेवटी मिलिंदने वाचून दाखवलं... काम तुमचंच. वाचनाच्या मागे काहीच ऐकू येत नाही.

मागे काहीच ऐकू येत नाही... आयुष्यात एवढं कौतुक माझं कुणी केलं नाही.

सुजाताने मग पार दहावीपर्यंतची पुस्तकं वाचली. प्रत्येक कॅसेट आधी माझ्या कानाखालून गेली. आवाज तिचा, पण दोन वाक्यांमधली शांतता माझी. मी शाळेची पायरी चढले नाही, तरी किती मुलांच्या अभ्यासात बसून आलेय, गप्प. त्या मिस्त्रींना माझा जयभीम.

आणि लाइक-बिइक करू नका, त्यातलं मला काही कळत नाही. पश्चिमेच्या मुर्धा गावाकडून कुणी इकडे येणार असेल, तर त्याच्या हाती सुके बोंबील पाठवा... कडक वाळलेले, डोकी काढून, फडक्यात बांधून. नरम निघाले तर परत धाडीन.