उजेड दिसतो का?

“उजेड दिसतो का?” असं विचारत मामा रोज सकाळी लाकडाचे दोन तुकडे जोडून माझ्या डोळ्यांपुढं धरायचे. मी न बघताच “नाही मामा” म्हणायचो. त्यांनाही ते माहीत होतं. बघून त्यांनी आधीच घेतलेलं असायचं. मग चहा.

पडेगावच्या आमच्या फर्निचरच्या कारखान्यात ते माझ्या वडिलांच्या काळापासूनचे मिस्त्री. करवत मशीनवर फळी ज्या लोखंडी पट्टीला टेकवून कापतात, ती पात्याशी काटकोनात आहे की नाही, हे ते रोज तपासायचे. आधी काटकोन तपासायचा गुण्या लावायचे, पण गुण्यावर त्यांचा भरवसा अर्धाच. मग एक फळी मधोमध कापायची, एक तुकडा उलटा करायचा, दोन्हींच्या कडा एका रेषेत धरायच्या आणि कापलेली टोकं पुन्हा एकमेकांना भिडवायची. पट्टी केसभर जरी तिरपी असली तरी मधल्या फटीतून उजेड येतो.

“उलटं केलं की चूक दुप्पट दिसती, भाऊ. लपायला जागाच ऱ्हात नाय तिला.”

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ते टेबलाला गुण्या लावून मालकाला सांगत, “चहा लई चांगला, टेबल वाकडं.” माझ्या लग्नात स्टेजवर आले, तोंडभर आशीर्वाद दिला आणि कानात म्हणाले, “मागची कमान तिरपी हाय बरं का.” बायकोनं विचारलं काय म्हणाले, तर मला हसू आवरेना.

त्या दिवशी खुलताबादच्या एका घराच्या कपाटांची दारं कापायची होती. सकाळची तपासणी झाली, चहा झाला. मामा मापांचा कागद आणायला आत गेले. मी प्लायची अख्खी शीट मशीनवर चढवत होतो, तिचा कोपरा पट्टीवर आदळला. टक्क असा आवाज झाला. काय होतंय, म्हटलं. सांगितलं असतं तर पुन्हा सगळी तपासणी, आणि मला मेल्याला घाई.

दारं त्याच दुपारी बसवायला नेली, तर एकही चौकटीत बसलं नाही. घरमालक तसाच तणतणत कारखान्यात आला. मामांनी त्याच्यासमोर फळी कापली, तुकडा उलटा केला, खिडकीकडं धरला. उजेडाची बारीक रेघ मलाही दिसली.

“पट्टीला कुनाचा धक्का लागला व्हता का, भाऊ?”

घरमालक माझ्याकडं बघत होता.

“नाही मामा.”

त्यांनी संशय घेतला असता तर बरं झालं असतं हो. पण ते म्हणाले, “तुमी कशाला खोटं बोलताल? मंजी सकाळी मलाच दिसलं नाय. नजर गेली माही.”

दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळलेला गुण्या माझ्या हातात देऊन ते पिशोरला, आपल्या गावी निघून गेले. मी फोन करायचो, “या ना मामा.” ते म्हणायचे, “नजर नाय भाऊ, उगं तुमचं नाव खराब व्हईल.” दर वेळी शब्द ओठांवर यायचे. पुढच्या वेळी सांगू, असं म्हणून मी फोन ठेवायचो. चौथ्या महिन्यात फोन तिकडून आला. मामा झोपेतच गेले होते.

तेराव्याला मामी भिंतीवरच्या फोटोंकडं बघत म्हणाल्या, “हिकडं आल्यापासून देवाचा फोटो सुदिक मला इचारून लावायचे. सरळ हाय का गं, म्हनायचे. जल्मभर दुसऱ्याचं वाकडं काढनारा मानूस!”

मला राहवलं नाही. “मामी, धक्का माझ्याकडून लागला होता. त्यांची नजर चांगली होती.”

त्या रागावल्या नाहीत. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, “मंग तवाच सांगायचं व्हतं की, भाऊ. आपले डोळे चांगले हायेत, येवढं तरी संगं घिऊन गेले असते.”

आता सकाळी फळी मी कापतो. एक तुकडा उलटा करतो, टोकं भिडवतो आणि खिडकीकडं धरून डोळे फाडून बघतो. उजेड दिसत नाही. पण “नाही मामा” म्हणायला जावं, तर तोंडातून शब्द निघत नाही.