एदिल्सा मिंदिओलाची हिरवी टेकडी

एदिल्सा मिंदिओला उंचीला साडेचार फूट आणि आवाजाला सव्वा मैल. ती प्रांताच्या पर्यावरण कचेरीत तपासनीस आहे. कोळशाच्या खाणीने राडारोडा कुठे टाकायचा, सांडपाणी कुठे सोडायचं आणि उकरलेली जमीन परत कशी द्यायची, हे बघणं तिचं काम. तिच्या थोरलीचा मी धर्मपिता. म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणते, आणि गाडी चिखलात रुतली की ढकलायला बोलावते.

आमच्या एल कारीतो गावाचं गायरान खाणीने वीस वर्षांपूर्वी घेतलं. तिथे दगड-मुरूम ओतून ओतून एक टेकडीच उभी राहिली. करार असा, की तिच्यावर अर्धा मीटर चांगली काळी माती पसरायची आणि पेरण्याजोगी करून ती गावाला परत द्यायची. एदिल्साची सही झाली की खाण मोकळी. मग तिथे युकाचे कंद उगवोत की खडे, विचारायला जाणार कुणाकडे?

दोन वर्षांपूर्वी टेकडीवर गवत आलं. इतकं हिरवंगार, की गाढवंसुद्धा संशयाने बघायची. एदिल्सा दोन दिवस वर फिरली, गवत उपटून मुळं पाहिली, टेकडीवरून उतरणाऱ्या ओहोळाचं तांबूस पाणी बाटलीत भरलं आणि अहवालाच्या शेवटी एकच ओळ लिहिली: ‘टेकडी हिरवी आहे.’

आता आमच्या भाषेत हिरव्या रंगाला आणि कच्च्या फळाला शब्द एकच. कारीतोतल्या बाईने ‘आंबा हिरवा आहे’ म्हटलं, की माणूस हातातला दगड खाली टाकून घरी जातो. पण खाणीचे इंजिनिअर पिन्सोन राजधानीचे. त्यांनी आंबा जन्मभर बशीत, चिरलेलाच पाहिलेला. त्यांनी ती ओळ वाचली आणि टेकडीच्या पायथ्याशी मेजवानी ठेवली. मांडव, अकॉर्डियनवाला, चार बोकड आणि नगराध्यक्ष!

पिन्सोन भाषणाला उभे राहिले. “बाईंनी स्वतः लिहून दिलंय, टेकडी हिरवी आहे! आता फक्त सही.”

“हिरवीच आहे,” एदिल्सा म्हणाली. “चांगली करकरीत कच्ची! एवढ्यात झाडावरून उतरवायची नाही.”

अकॉर्डियनवाल्याचा सूर मध्येच घसरला. मग सगळा मांडव हसला.

“शब्दांचे खेळ नकोत, बाई. एवढं गवत दिसत नाही का?”

“दिसतं ना. तुमचे केसही दिसतात, साहेब. मुळं आहेत की नाहीत, ते उपटल्यावर कळतं.”

पिन्सोननी नकळत डोक्यावर हात ठेवला, आणि गावाला जे नुसतं वाटत होतं ते पक्कं कळलं.

नगराध्यक्ष तिच्या कानाशी वाकले. “अगं, बोकड शिजले. आता नाही कसं म्हणतेस?”

“बोकड शिजलेत ना? मग बोकड खा. कोंपाद्रे, फावडं!”

मी खणलं. चार बोटं माती, आणि खण्ण! खाली नुसता दगड.

“पण कागदावर अर्धा मीटर आहे,” पिन्सोन म्हणाले.

“मग युका कागदावर लावा. काळी माती गेली कुठे?”

जेवणाच्या रांगेतून ट्रकवाला नाफेर ओरडला, “मला विचारा की! मीच वाहिली. साहेबांच्या क्लबचं फुटबॉलचं मैदान काय आपोआप झालं?”

एदिल्साने तिथेच, बोकडाच्या पातेल्याशेजारी बसून हुकूम लिहिला. माती परत आणा, पाणी निवळायला ओहोळाला चुनखडीचा बांध घाला, आणि युकाचं एक पीक निघेपर्यंत सहीचं नाव काढू नका. या वेळी टेकडी कच्ची आहे, हे तिने तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं. न जाणो, साहेब पुन्हा मेजवानी द्यायचे.

तीन महिने ट्रक क्लबकडून टेकडीकडे धावत होते. नाफेरने तीच माती उलटी वाहिली आणि एवढ्या आनंदाने हॉर्न वाजवला, की कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं. मैदान साहेबांच्या टोपाखालच्या डोक्यासारखं झालं. मग एदिल्साने टेकडीवर पाच ठिकाणी युका लावला.

दहा महिन्यांनी गाव जमलं. एदिल्साने पदर नसलेला पदर खोचला, म्हणजे झग्याची कड कमरेत कोंबली, पहिलं झाड दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. झाड येईना. पुन्हा ओढलं, तशी ती झाडासकट पाठीवर पडली. पोटावर सात कंद, एकेक कोपरापासून मनगटापर्यंत लांब!

“मेलीस का?” मी ओरडलो.

“माती मोजा आधी!” ती पडल्या पडल्या म्हणाली.

पाचही खड्ड्यांत माती अर्ध्या मीटरहून जास्त भरली. ओहोळाचं पाणी नितळ होतं. टाळ्या सगळ्यात आधी पिन्सोननीच वाजवल्या, हेही सांगायला हवं. एदिल्साने माझी पाठ टेबलासारखी वापरून सही केली. नगराध्यक्षांनी भाषणाचा कागद उलगडला. पण म्हातारा उबादेल या गायरानासाठी वीस वर्षं थांबला होता. तो आणखी थांबला नाही, आपल्या दोन गायी घेऊन सरळ वर निघाला. त्याच्यामागे अख्खं गाव निघालं, शेवटी अकॉर्डियनवालाही. खाली नगराध्यक्ष एकटेच वाचत होते.